ओळ रिकामी सोडायची नाही

वाचनालयाच्या दाराशी टेबल मांडून रिम्मा अर्काद्येव्हना बसल्या होत्या. येईल त्याच्या हातात पेन द्यायचं आणि हजेरीच्या कागदावर सही घ्यायची, एवढंच काम. स्तारोब्रोद गावात असं टेबल कुठेही मांडलं की त्यामागे त्यांनाच बसवत. छत्तीस वर्षं गावच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेणारी बाई. निम्म्या गावाच्या अक्षराला वळण त्यांनी लावलेलं. त्यांच्यासमोर वाकडी सही करायची कुणाची छाती होत नसे.

बाहेर ऑक्टोबरातला ओला बर्फ भुरभुरत होता. आत चहाचं भांडं खदखदत होतं, बशांमध्ये मधाच्या वड्या रचल्या होत्या आणि भिंतीवर पाटी होती : ‘आपल्या निवडणुका खरोखर लोकशाहीच्या आहेत का? खुली चर्चा.’

चर्चा खुली होती, पण तिचा निष्कर्ष गुरुवारीच टाइप झाला होता. रिम्माबाईंनी तो शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या फोल्डरमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. ‘उपस्थितांनी एकमताने मान्य केले की निवडणूक स्वच्छ व मोकळ्या वातावरणात पार पडली. सोबत सह्या जोडल्या आहेत.’ त्या सह्या म्हणजे ह्याच, ज्या रिम्माबाई आत्ता घेत होत्या. हे कळूनही त्या पेन पुढे करत होत्या, आणि याची त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती.

पण दार उघडलं की त्या दर वेळी दचकत होत्या, ते या कागदामुळे नव्हतं. ते ग्लेब निकानोरोविचमुळे होतं.

ग्लेब निकानोरोविच देद्युखिन, जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेला, काठीसारखा सरळ म्हातारा. सप्टेंबरातल्या मतदानाला तो रविवारी दुपारी शाळेत आला होता. मतदान शाळेत, म्हणून टेबलांमागे शिक्षिकाच. रिम्माबाईंनी ओळखीसाठी त्याचा पासपोर्ट पाहिला, यादी त्याच्याकडे फिरवली, आणि दोघांची नजर एकाच वेळी त्याच्या नावाच्या वरच्या ओळीवर पडली. तिथं त्याच्या बायकोचं नाव होतं. अंतोनिना, त्याची तोन्या, एप्रिलात वारली होती. तरी तिच्या ओळीत सही होती.

त्यानं रिम्माबाईंकडे पाहिलं, स्वतःची सही केली, मत टाकलं आणि गेला. मग दहा दिवसांनी त्यानं जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला त्या सहीबद्दल चार ओळींचं पत्र पाठवलं, आणि ते छापलं गेलं. वरून फोन आला की चर्चा घ्या, लोकांना बोलू द्या आणि विषय मिटवा.

ती सही कुणाची हे रिम्माबाईंनी त्याच क्षणी ओळखलं होतं. पुस्तकातल्या वळणात रशियन ‘द’चं शेपूट खाली जातं. त्या मात्र मुलांना ते वर उडवायला शिकवत, कारण त्यांची आई तसं लिहायची. बायकोचं म्हणून आडनाव देद्युखिना, त्यात दोन ‘द’, आणि दोन्ही शेपटं झोकात वर गेलेली. त्या दिवशी टेबलांमागे बसलेल्यांत त्यांची विद्यार्थिनी एकच, शेजारच्या टेबलावरची स्नेझाना, आता दुसरीच्या वर्गावर शिक्षिका.

काल शाळेच्या पाठीमागच्या जिन्यात स्नेझानानं त्यांना गाठलं होतं.

“बाई, मला कागद दिला होता. जे कधीच मतदानाला येत नाहीत त्यांच्या नावांचा. म्हणाल्या, यांच्यापुढे भरून टाक. ती बिचारी गेलीय हे मला कुठं माहीत?”

“कोण म्हणालं?”

स्नेझानानं वरच्या मजल्याकडे फक्त डोळे फिरवले. मुख्याध्यापिकेची खोली वर होती. “बाई, मला काढलं तर या गावात मी काय करू? घर शाळेचं आहे. आई अंथरुणाला खिळलेली. तुम्ही काही बोलणार नाही ना?”

रिम्माबाईंनी तिच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं. मग त्या जिना उतरून गेल्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

आणि आता ग्लेब निकानोरोविच दारात उभा होता. टोपीवरचा बर्फ त्यानं झटकला.

“कुठं करायची?”

“इथं,” रिम्माबाई म्हणाल्या. मतदानाच्या यादीसारखाच त्यांनी कागद त्याच्याकडे फिरवला, आणि त्यानं सही केली.

सभा सुरू झाली. मुख्याध्यापिका इनेस्सा वालेर्यानोव्हना अध्यक्ष. मतदान केंद्राच्या प्रमुखही त्याच होत्या. शेजारी इतिवृत्त लिहायला स्नेझाना. पहिला अर्धा तास मजेत गेला. लाकूडगिरणीतला एक जाडा गृहस्थ म्हणाला, “दुकानात एकाच जातीचं सॉसेज ठेवायचं आणि म्हणायचं, घ्या हवं ते. याला निवड म्हणतात होय?”

“तू कधी सोडलंयस का ते सॉसेज?” पहिल्या रांगेतली आजी म्हणाली. सगळे हसले.

“आजी, प्रश्न पोटाचा नाही.”

“तुझा तोच आहे. मला विचारशील तर पेन्शन वेळेवर येते, मला आणखी कुणी नको.”

“मग मतदान घ्यायचं कशाला? पोस्टमनलाच विचारू.”

हशा पिकला. मुख्याध्यापिकाही हसल्या आणि घड्याळाकडे पाहिलं. रिम्माबाईंना वाटलं, असंच चालू राहिलं तर वेळ निघून जाईल. तेवढ्यात ग्लेब निकानोरोविच उठला.

“लोकशाहीतलं मला फारसं कळत नाही,” तो म्हणाला. “माझा एक साधा प्रश्न आहे. माझी तोन्या एप्रिलात गेली. तिचं नाव यादीत राहिलं, त्याबद्दल तक्रार नाही. कचेऱ्यांना उशीर होतो. पण तिच्यापुढे सही होती. तिच्या बोटांना वात होता. शेवटची पाच वर्षं ती सही म्हणून एक आडवी रेघ ओढायची, आणि तीसुद्धा मी मनगट धरायचो तेव्हा. इथं मात्र अक्षर सुंदर होतं. गोल, ठसठशीत. तरुणपणी ती लिहायची तसं.” तो थांबला. “क्षणभर मला वाटलं, ती येऊन गेली. कुणी केली ती सही, एवढं मला सांगा. घरी जाऊन झोपतो मग.”

लाकूडगिरणीवाल्यानं हातातली मधाची वडी बशीत परत ठेवली.

“ग्लेब निकानोरोविच, तुमचं दुःख आम्ही समजतो,” मुख्याध्यापिका मऊ आवाजात म्हणाल्या. “दुःखात माणसाला काहीबाही दिसतं. त्या टेबलावर आपल्या रिम्मा अर्काद्येव्हना होत्या. त्यांच्याइतका विश्वास गावात कुणावर आहे? त्यांनाच विचारू. होती का हो सही?”

रिम्माबाई उभ्या राहिल्या. नाही म्हटलं की संपलं. म्हातारा वेडा ठरेल, स्नेझाना वाचेल. समोर तो सरळ उभा होता, टोपी छातीशी धरून. त्याला वेडा ठरवणं त्यांच्या जिभेला जमेना. आणि स्नेझानाचं नाव घेणं तर मुळीच जमेना.

“होती,” त्या म्हणाल्या. “मी केली.”

खोलीत कुजबुज उसळली. रिम्माबाईंना वाटलं, सुटले. नोकरी जाईल, जाऊ दे. चार वर्षांपूर्वीच निवृत्त व्हायला हवं होतं. मग त्यांनी मुख्याध्यापिकेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथं राग नव्हता. कपाळावरची आठी अलगद सुटत होती.

“असं आहे होय,” मुख्याध्यापिकेनं उसासा सोडला. “बघा, किती प्रामाणिकपणे सांगितलं. वय झालं, नजर चुकली, भलत्या ओळीत पेन गेलं. चूक एका थकलेल्या माणसाची आहे, निवडणुकीची नाही. यावरूनच दिसतं की आपल्याकडे काही लपवलं जात नाही.” त्यांनी फोल्डर उघडला. “स्नेझाना, लिहा. सही रिम्मा अर्काद्येव्हनांकडून अनवधानाने झाली.”

रिम्माबाई खाली बसल्या. आपण एका मुलीला पाठीशी घालायला गेलो आणि त्या टाइप केलेल्या कागदाला टेकू देऊन बसलो, हे त्यांना आत्ता लख्ख कळलं. ग्लेब निकानोरोविच त्यांच्याकडे पाहत होता. त्याचा विश्वास बसला नव्हता. ते त्यांना सगळ्यांत जास्त लागलं.

“लिहिलं का?” मुख्याध्यापिकेनं विचारलं.

“नाही,” स्नेझाना म्हणाली.

“काय नाही?”

“लिहिणार नाही.” तिनं पेन खाली ठेवलं. चेहरा पांढराफटक पडला होता. “आजोबा, सही मी केली. एकट्या तुमच्या घरातलीच नाही. सत्तेचाळीस केल्या. कागद मला इनेस्सा वालेर्यानोव्हनांनी दिला होता. घरी आहे, टाकला नाही मी.”

“स्नेझाना, तुम्हाला बरं वाटत नाहीये. सभा संपली,” मुख्याध्यापिका उठल्या. “सगळ्यांचे आभार. सह्या झालेल्याच आहेत.”

खुर्च्या सरकल्या. लोकांनी भराभर कोट चढवले. आता कुणीच कुणाच्या डोळ्यात पाहत नव्हतं. ग्लेब निकानोरोविच मात्र दाराशी थांबला, हजेरीचा कागद ओढून घेतला, आपल्या सहीवर आडवी रेघ मारली आणि पेन रिम्माबाईंसमोर ठेवलं. लाकूडगिरणीवाला घुटमळला, मग त्यानंही मारली. पहिल्या रांगेतली आजी पाहून न पाहिल्यासारखं करत बाहेर पडली. बाकीचे तिच्यामागून गेले.

स्नेझाना टेबलापाशी आली.

“बाई, मला काहीच वाटलं नव्हतं हो तेव्हा,” ती म्हणाली. “ओळी रिकाम्या दिसत होत्या. तुम्हीच म्हणायचात ना, वहीत ओळ रिकामी सोडायची नाही.”

म्हणायच्या. छत्तीस वर्षं, रोज सकाळी. रिम्माबाईंनी पेन उचललं. कागदाच्या अगदी वरती त्यांची स्वतःची सही होती, सगळ्यांत आधी केलेली, गोल आणि ठसठशीत.

“चुकीचं शिकवलं, पोरी,” त्या म्हणाल्या, आणि त्या सहीवर रेघ ओढली.