दुसरं पान

कळमन्याच्या बाजारात नत्थूजींनी तीस वर्षं पोती वाहिली आणि पन्नाशीला आल्यावर हमालांसाठीच्या संध्याकाळच्या वर्गात पहिल्यांदा अक्षरं गिरवली. त्यामुळे त्यांचं वाचणं अजूनही चढावर हातगाडी लोटल्यासारखं होतं. एकेक अक्षर पुढे ढकलायचं, ओळ संपली की दम घ्यायचा. पण लिहायची हौस दांडगी. घराच्या पुढच्या खोलीत लेक दीप्ती टायपिंगची कामं करायची. तिचं लग्न झालं, चंद्रपूरला जायची वेळ आली, तेव्हा तिनं कॉम्प्युटर बापासाठी मागे ठेवला आणि त्यात त्यांच्या नावाची एकच फाइल करून दिली.

फाइलीत तिनं मोठ्या ठळक अक्षरांत दोन पानं लिहिली होती. पहिल्या पानावर अर्ज कसा लिहायचा ते. नवीन फाइल उघडली की अक्षरं मुंगीएवढी येत आणि ती मोठी करणं नत्थूजींना काही केल्या जमत नसे. म्हणून तिनं सोपी वाट काढली होती. हीच फाइल उघडायची, सगळं निळं करून पुसायचं, त्याच मोठ्या अक्षरांत अर्ज लिहायचा, छापायचा आणि कोपऱ्यातली फुली दाबायची.

"मंग तो विचारते, बदल ठेवू का म्हणून," तिनं शेजारी बसून समजावलं होतं. "तुम्ही 'नाही' म्हणा, बाबा. पुन्हा उघडसान तवा माह्यं लिहिलेलं जसंच्या तसं राहीन."

पहिल्या पानाच्या तळाशी तिनं लिहिलं होतं की पुढच्या पानावर घरच्या गोष्टी आहेत, निवांत वाचा.

तो निवांतपणा कधी आला नाही. चंद्रपूरहून फोनवर तिनं विचारलं की नत्थूजी वाचलं म्हणून सांगून टाकत. बायको रुख्मिणी बाजूलाच बसलेली असे, तिलाही ते खरं वाटे. बाप अजून पहिल्याच पानावर अडकलाय, हे लेकीला कोणत्या तोंडानं सांगायचं? मग दुसऱ्या वर्षी डेंग्यूनं आठ दिवसांत दीप्ती गेली.

त्यानंतर मात्र त्यांनी ते पान मुद्दाम वाचलं नाही. वाचलं की संपलं. जोवर वाचलं नाही, तोवर लेकीचं आपल्याशी काहीतरी बोलायचं राहिलेलं आहे, असं ते मनाशी धरून होते. पाच वर्षं त्यांनी गल्लीतल्यांचे, जुन्या हमालांचे अर्ज लिहून दिले. दर वेळी ती दोन्ही पानं पुसायची आणि 'नाही' म्हणून परत आणायची. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की सगळं जागच्या जागी.

यंदा उन्हाळ्यात कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. पुतण्या सुशीलनं हौसेनं लॅपटॉप आणला, जुन्या डिस्कमधली फाइल त्यात उतरवून दिली आणि जुनं धूड भंगारवाल्याला देऊन टाकलं. यात लिहायच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आहे, सगळं आपोआप होतं, मोठेबाबांनी फक्त लिहायचं, असं तो कौतुकानं सांगत होता.

नत्थूजींची पंचाईत पहिल्याच अर्जाला झाली. गल्लीतला कृष्णकांत खांबावरचा दिवा बंद पडल्याचा अर्ज लिहून घ्यायला आला. वर कामांची ओळखीची नावं जिथं असायची तिथं चित्रांची पट्टी होती, आणि बोट कुठं लागलं कोण जाणे, ती पट्टीही नाहीशी झाली. छापायचं चित्र सापडेना. एक जागा दाबली तर सगळा पडदाच बदलला, लिहिलेलं कुठं गेलं ते कळेना. कृष्णकांत म्हणाला, "नत्थूजी, तुम्ही अर्ज लिहीसान तोपर्यंत दिवा आपल्या मनानंच लागन." दोघंही हसले. तासाभरानं कागद निघाला, कृष्णकांत घेऊन गेला.

नत्थूजींनी फुली दाबली. फाइल मिटली. ते बघत बसले. आता विचारेल, मग विचारेल. पडद्यावर काहीच आलं नाही. पुन्हा फाइल उघडली तेव्हा समोर खांबावरचा दिवा आणि खाली कृष्णकांतची सही करायची जागा.

सुशील धावत आला. बराच वेळ शोधाशोध केली. जुन्या प्रतींची यादी निघाली, पण त्यातली सर्वांत पहिली प्रतही पानं पुसल्यानंतरचीच होती. ही आवृत्ती विचारत बसत नाही, लिहिता लिहिताच ठेवून देते, हे त्यानं मान खाली घालून सांगितलं. भंगारवाल्याला फोन केला, तर डिस्क केव्हाच पुढे गेली होती. शेवटी तो खुर्ची ओढून बसला.

"मोठेबाबा, काय लिहिलं होतं ते सांगा. मी पुन्हा टाइप करून देतो."

नत्थूजींनी पहिलं पान सांगितलं. सगळं निळं करा, पुसा, छापा. सुशील भराभर लिहीत गेला. पान संपलं आणि ते थांबले.

रुख्मिणी दारात येऊन उभी होती. "आता दुसऱ्या पानावरचं सांगा ना," ती म्हणाली.

"ते मी वाचलंच नव्हतं."

"तिले तं वाचलं म्हणून सांगे तुम्ही."

ठेवून दिलं होतं, जपून ठेवलं होतं, हे नत्थूजींच्या ओठापर्यंत आलं. पण जे आपण जपत होतो ते एकट्याचं नव्हतं, हे त्यांना आता पहिल्यांदा कळत होतं.

"मले एक अक्षर येत नाही," रुख्मिणी सावकाश म्हणाली. "तुमाले नव्हतं वाचाचं तं नसतं वाचलं. शेजारच्या खुशीनं मले वाचून दाखवलं असतं. माह्यासाठीबी काही लिहिलं असन पोरीनं."

सुशील उठला आणि त्यानं आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही. दाराची चौकट धरून, जिथं ते पान आता नव्हतं त्या पडद्याकडे बघत उभी राहिली.