अक्षराचं माप

प्रिंटरच्या पोटात अडकलेला कागद त्याने दोन बोटांनी हळूच ओढून काढला, झाकण लावलं आणि वर एक थाप मारली. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"काका, पाचच्या आत एक काम करून द्याल?"

भिंगवाली होती. शेवटच्या वर्षाची मुलगी. गळ्यात दोरीला बांधलेलं जाड भिंग कायम लटकत असायचं, म्हणून हे नाव त्यानेच पाडलं होतं, आणि तिनेही ते हसून घेतलं होतं. त्याला तरी कुठे कोण नावाने हाक मारत होतं! विद्यापीठाच्या दिव्यांग साहाय्य केंद्रात गेली सव्वीस वर्षं तो 'छापखाना' होता. जिन्याखालची एक खोली, एक प्रिंटर आणि कागदांची चळत एवढं त्याचं राज्य. कमी दिसणाऱ्या मुलांच्या प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत छापायच्या, पाकिटात घालायच्या, पाकिटावर अक्षराच्या आकाराचा आकडा लिहायचा आणि परीक्षेच्या खोलीत नेऊन द्यायच्या. कामात कधी काना-मात्रेची चूक नाही. केंद्राच्या प्रमुख मॅडम नव्या माणसांना त्याची ओळख करून देताना हे आवर्जून सांगायच्या.

"आधी बस तर खरी," तो म्हणाला.

"बसते. पण आधी बातमी ऐका." ती स्टुलावर टेकली. चेहरा नुसता उजळला होता. "परवाचा शेवटचा पेपर मी अख्खा वाचला. एकही प्रश्न सोडला नाही. आणि अक्षर तेच, चाळीसचं. मागच्या वेळी मला चाळीसचं धड लागत नव्हतं, कुणाला बोलले नाही मी. या वेळी स्वच्छ लागलं. कळतंय का काका? थांबलंय. डोळा थांबलाय माझा. डॉक्टर म्हणालेच होते, एखाद्याचं आपोआप थांबतं म्हणून."

हातातला चुरगळलेला कागद टेबलावर ठेवून तो तळहाताने सरळ करत राहिला.

पहिल्या वर्षी ती आली तेव्हा तिला अठराचं अक्षर पुरत होतं. मग चोवीस झालं, मग बत्तीस, मग चाळीस. तिचा डोळा किती गेला याबद्दल डॉक्टरांच्या कागदावर काय लिहिलं असेल ते असो, छापखान्याला ते आकड्यांत ठाऊक होतं. आणखी एका माणसाला ठाऊक होतं, तिच्या वडिलांना. ते शिंपी. त्यांना डोळ्याच्या पडद्याचं काही समजायचं नाही, पण माप सांगितलं की बरोबर कळायचं. प्रत्येक परीक्षेनंतर तिला त्यांचा फोन यायचा, माप वाढलं का? बत्तीसचं चाळीस झालं तेव्हा त्यांनी दोन दिवस मशीनला हात लावला नव्हता. हे तिनेच त्याला सांगितलं होतं, याच स्टुलावर बसून.

मागच्या सत्रात पेपर देऊन ती बाहेर आली, तेव्हा तिच्या नाकाच्या शेंड्याला, ती लिहायची त्या स्केचपेनची काळी शाई लागली होती. निम्मे प्रश्न कोरे होते. हात दुखायला लागला, असं तिने मॅडमना सांगितलं. छापखान्याने ती शाई पाहिली आणि समजला, कागदाला नाक टेकवूनही तिला अक्षर लागत नव्हतं. आकडा वाढवायचा तर डॉक्टरांचा नवा दाखला लागायचा, आणि दाखल्याला वडील सोबत गेल्याशिवाय राहिले नसते. या सत्रात तो हळूच विचारायला गेला, तर ती पटकन म्हणाली होती, "चाळीसच ठेवा काका."

चाळीसच ठेवायला हवं होतं. पण या सत्रात तिचा एकच पेपर उरला होता, शेवटचा. तीन वर्षं मान मोडून अभ्यास केलेली पोर, आणि नापास होणार ती अक्षर लागत नाही म्हणून. त्याला राहवलं नाही. मॅडमना विचारलं नाही, तिलाही विचारलं नाही. पेपर चौसष्टच्या अक्षरात काढला आणि पाकिटावर लिहिलं, चाळीस. सव्वीस वर्षांत त्याच्या हातून खोटा आकडा पहिल्यांदाच गेला होता. भिंगातून एकेक शब्द वाचणाऱ्या पोरीला ओळीत किती शब्द मावले ते कुठे कळणार! त्या दिवशी तो शीळ घालत घरी गेला.

"पानं बरीच होती," ती आता सांगत होती. "म्हटलं, उतारे लांबलचक दिलेत की काय."

"काम काय म्हणालीस?"

"हां, ते राहिलंच. सोमवारच्या वर्गातून नाव काढून घ्यायचंय. मॅडम म्हणाल्या, आज पाचपर्यंत अर्ज द्या. अर्जाचा नमुना तुमच्याकडे असतो ना?"

ब्रेलचा आणि काठी घेऊन चालायचा वर्ग. बारा जागा, आणि दोन वर्षांतून एकदा. पुढच्या खेपेला ती विद्यापीठात असणार नव्हती. थोडं दिसतंय तोवर शिकून घे, नंतर फार जड जाईल, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. तिची जागा लागावी म्हणून छापखान्यानेच मॅडमच्या मागे लकडा लावला होता.

"अगं, जाऊन तर बघ," तो म्हणाला. "दिसणाऱ्याने शिकलं म्हणून काही बिघडतं का?"

"यादीत आणखी मुली थांबल्यात काका. मी उगाच जागा अडवून कशाला बसू?" मग तिचा आवाज जरा उतरला. "आणि खरं सांगू? ती काठी मॅडमनी दिली ना, ती मी पलंगाखाली पार भिंतीपर्यंत सारून ठेवली होती. झाडतानासुद्धा तिथे झाडू घालत नव्हते. आज बाहेर काढली, पुसली. आता परत देऊन टाकणार."

काठी खरंच तिच्या पिशवीत होती, घडी घातलेली. तिचं पांढरं टोक तेवढं बाहेर आलं होतं.

छापखान्याने नमुना उघडला.

"चाळीसमध्ये काढा," ती म्हणाली. "मला स्वतः वाचून सही करायचीय."

त्याचे हात कळफलकावर थांबले. चौसष्ट टाकलं असतं की झालं असतं. ती वाचून सही करून आनंदाने गेली असती, आणि वर्षभराने तिचं काय झालं ते बघायला तो काही तिच्या गावी जाणार नव्हता. हा विचार आपल्याला सुचला याचीच त्याला लाज वाटली. त्याने चाळीसचा आकडा टाकला, नीट बघून घेतला आणि बटण दाबलं.

कागद गरम गरम तिच्या हातात आला. तिने भिंग लावलं. कागद जवळ नेला, मग लांब धरला, मग आणखी जवळ नेला. उठून खिडकीशी गेली. पाठमोरी बराच वेळ उभी राहिली.

"शाई संपत आलीय वाटतं."

"नाही. परवाच भरलीय."

ती परत फिरली. स्टूल कुठे आहे ते तिने पायाने चाचपलं आणि बसली.

"काका, हे कितीचं आहे?"

"चाळीसचं."

"आणि पेपर?"

बाहेरच्या जिन्यावरून दोन-तीन मुलं धडधडत खाली उतरली.

"चौसष्टचा."

"पाकिटावर तर चाळीस होतं. परीक्षेच्या खोलीतल्या बाईंनी वाचून दाखवलं होतं मला."

"मी लिहिलं होतं ते."

तिने मान हलवली. भिंग हातातून सोडलं, ते दोरीला लोंबत राहिलं. तिने ओरडावं, मॅडमकडे तक्रार करावी, निदान दोन शब्द सुनवावेत असं त्याला फार वाटत होतं. तिने त्यातलं काहीच केलं नाही.

"बाबांना मी लगेच फोन केला होता," ती म्हणाली. "त्यांनी शेजारच्या दुकानदाराला बोलावून सांगितलं, पोरीचं माप थांबलं म्हणून. मला फोनवर ऐकू येत होतं."

"चुकलं माझं. मला वाटलं, तुझा पेपर..."

"पेपर चांगला गेला काका. तेवढं खरंच झालं."

छापखान्याचे डोळे भरून आले. तिला ते दिसणार नव्हतं, तरी त्याने तोंड फिरवलं.

"हा एकदा चौसष्टमध्ये काढून द्या," थोड्या वेळाने ती म्हणाली.

त्याने काढून दिला. अर्जाची चार पानं झाली. तिने भिंग लावून पहिली ओळ वाचली, हळूहळू, शब्दाला थांबत थांबत: मी, खाली सही करणारी व्यक्ती, माझे नाव या वर्गातून स्वेच्छेने मागे घेत आहे. पुढचं तिने वाचलं नाही. चारही पानं एकावर एक ठेवून तिने त्यांच्या कडा जुळवल्या आणि त्याच्या बाजूला सरकवल्या.

"सोमवारी किती वाजता असतो वर्ग?"

"दहाला. मी साडेनऊपासून इथेच असतो."

तिने काठी पिशवीत आतपर्यंत ढकलली. तेवढ्यात फोन वाजला. तिने तो दोनदा वाजू दिला, घसा साफ केला आणि उचलला.

"हं बाबा. बोला ना."

खोली लहान, आणि पलीकडचा माणूस मोठ्याने बोलणारा. दुकानातलं मशीन चाललेलं ऐकू येत होतं, मग ते थांबलं. वडिलांनी काहीतरी विचारलं.

"हो, काकांकडेच बसलेय. कागदपत्रांचं काम होतं थोडं." ती हसलीसुद्धा. "नाही हो बाबा. विचारून खात्री केली ना मी. वाढलं नाही. चाळीसच."

आकडा सांगताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. पलीकडे मशीन पुन्हा सुरू झालं, आणि ती फोन कानाला तसाच धरून ते ऐकत बसली.