मूळ गाव पाहिजे

कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉल संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या मुख्य फेरीत पोचला आणि त्याच आठवड्यात कॉलेजला शोध लागला की आपल्याकडे असा एक संघ आहे. तोवर मैदानाची वाटणी ठरलेली होती: आधी मुलांचा सराव, मग मुलांच्या गप्पा, मग उरलेल्या उजेडात मुली. आता मात्र प्राचार्य स्वतः मैदानावर आले, चेंडू हातात घेऊन एक फोटो काढून घेतला, आणि चेंडू इतका जड असतो का, असं विचारून गेले.

त्यांच्या मागोमाग सिमेंट कंपनी आली. कंपनीच्या वतीने बोलायला कॉलेजचे प्रसिद्धीचे सर. ते शिकवायचे वाणिज्य, पण आवाज असा की मुली त्यांना पाठीमागे भोंगा म्हणायच्या. खेळाच्या सामानाच्या खोलीत फाटकी जाळी, हवा गेलेले चेंडू आणि धूळ खाणाऱ्या ढाली यांच्यामध्ये खुर्ची टाकून त्यांनी योजना समजावून सांगितली. सुरुवातीला मैदानात उतरणाऱ्या पाच मुलींची मोठाली पोस्टर लागणार. प्रत्येकीच्या मूळ गावी जाऊन फिल्म काढणार. आणि त्या प्रत्येक गावात कंपनी सिमेंटचं पक्कं कोर्ट बांधून देणार.

"कंपनीला मुळं हवी आहेत," सर म्हणाले. "मातीतून आलेल्या मुली."

"मातीतून आणि सिमेंटवर," कप्तान म्हणाली. सरांना ते आवडलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

कप्तानचं काम सोपं होतं असं सगळ्यांना वाटलं, कारण ती निदान बाहेरगावची होती. पण तिच्या वडिलांचा पेट्रोल पंप होता आणि ती ज्या शाळेत शिकली तिथलं लाकडी फरशीचं कोर्ट ह्या कॉलेजपेक्षा दहापट चांगलं होतं. पोस्टर आलं तेव्हा त्यावर ती डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन उभी होती. मोळी फिल्मवाल्यांनी सोबतच आणली होती. "सर, आमच्याकडे गॅस आहे," ती म्हणाली होती. "गॅसच्या टाकीला मुळं फुटत नाहीत," सर म्हणाले होते.

खरी पंचाईत झाली ती लिफ्टची. लिफ्ट म्हणजे संघातली सगळ्यात उंच उडी मारणारी पोरगी. राहायलाही आठव्या मजल्यावर, म्हणून ते नाव पक्कं बसलं. तिची इमारत कॉलेजच्या मागच्या फाटकाला लागून होती. ती जन्मली समोरच्या दवाखान्यात, शिकली शेजारच्या शाळेत, आणि खेळायला शिकली इमारतीच्या पार्किंगमध्ये, जिथे तिच्या वडिलांनी भिंतीत भोकं पाडून रिंग बसवली होती. वडील दातांचे डॉक्टर. ड्रिल हातात घ्यायची सवयच. दवाखाना उघडण्याआधी ते रोज सकाळी रिंगखाली उभे राहायचे आणि पडलेला चेंडू तिच्याकडे परत टाकायचे. तोंडाने काही बोलायचे नाहीत. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडून बघायची असल्यामुळे स्वतःचं बंद ठेवायची त्यांना हौस होती.

"तुझं गाव?" सरांनी विचारलं.

"हेच."

"हे शहर झालं. मूळ गाव?"

"हेच, सर. आजोबाही इथलेच."

"त्याच्या आधी कुठून तरी आला असाल ना? माणूस झाडावरून उतरला तो काय सरळ आठव्या मजल्यावर गेला?"

"झाड उंच असेल तर उतरायचीही गरज नव्हती, सर."

सर हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बघ बाई. बदलीच्या घरामागे नदी आहे. ती नदीत पाय सोडून बसली तरी मुळं आपोआप दिसतात."

बदली म्हणजे लिफ्टच्या जागी खेळू शकणारी राखीव मुलगी. गुणी होती, पण तिचा नेम तिच्या नदीसारखा, कुठेही वाहत जाणारा. लिफ्ट तडक कोच मॅडमकडे गेली.

"मी खेळ बघून पाच निवडते," कोच मॅडम म्हणाल्या. "पण पाचांचे बूट, बस आणि मुक्काम कंपनी बघते. पोस्टरवर नाही ती सुरुवातीला उतरणार नाही, अशी अट आहे. मी भांडले. मला सांगितलं, तुमचंही मूळ गाव कळवा." मग त्यांनी विचारलं, "तुला मामा-बिमा नाही का कुठे?"

मामा होता. आईच्या गावी त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. लिफ्ट तिथे गेली होती ती दोन लग्नांना, आणि दोन्ही वेळा तिने सगळ्यात जास्त वेळ मोबाइलला रेंज शोधण्यात घालवला होता. पण सुरुवातीच्या पाचांतली जागा तिने तीन वर्षं घाम गाळून मिळवली होती. ती एका नदीपायी जाऊ द्यायची नाही, असं ठरवून तिने आईला फोन लावायला सांगितलं.

"भाची आमचीच की," मामा फोनवर म्हणाला. "आईचं गाव ते लेकीचं गाव. त्यात विचारायचं काय?" मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "सिमेंट कधीपर्यंत येईल म्हणतात?"

गावाला कोर्ट नको होतं असं नाही. गावाला धान्य वाळवायला आणि मळणीयंत्र उभं करायला एक सपाट, पक्की जागा फार दिवसांपासून हवी होती. त्यावर वर्षातून चार दिवस कुणी चेंडू आपटला तर गावाची हरकत नव्हती.

फिल्मची गाडी पोचली तेव्हा सगळं गाव आठवणी घेऊन तयार होतं. लिफ्ट ज्या झाडावरून पडली होती ते झाड तिला तिघांनी दाखवलं. झाडं तीन होती. शाळेचे गुरुजी म्हणाले, ही वर्गात कायम पहिली यायची.

"गुरुजी, मी तुमच्या शाळेत नव्हते," लिफ्ट हळूच म्हणाली.

"नव्हतीस म्हणून. असतीस तर आलीच असतीस."

सगळ्यांवर कडी केली ती आत्याने. ही अख्ख्या गावाची आत्या. गावात तिच्या शब्दाबाहेर कोंबडंही आरवायचं नाही. गालाला रुमाल बांधून ती खुर्चीत बसली होती, दाढ ठणकत होती, पण आठवण सांगायची म्हटल्यावर तिने रुमाल सोडला. "एवढीशी होती," ती कॅमेऱ्याला म्हणाली. "खेळायला काही नव्हतं पोरीला. भोपळा घेऊन आपटायची."

"भोपळा आपटल्यावर उडत नाही," लिफ्ट म्हणाली.

"आमच्याकडचा उडायचा," आत्या म्हणाली.

मामाने तर दुकानासमोरच्या खांबावर सायकलचं रिम ठोकून ठेवलं होतं. हिची पहिली रिंग, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. बास्केटबॉलच्या रिंगचा व्यास असतो पंचेचाळीस सेंटिमीटर. सायकलच्या रिमचा त्याच्या जवळजवळ दीडपट. त्यातून दोन चेंडू शेजारी-शेजारी, एकमेकांना धक्का न लावता खाली उतरले असते. लिफ्टने हे मामाला सांगितलं.

"मग चांगलंच की," मामा म्हणाला. "चुकायची भीती नाही."

इथवर लिफ्टने सगळं गिळलं. झाडं, भोपळा, रिम, सगळं. मग दिग्दर्शकाने तिच्या हातात बोलायचा मजकूर दिला. टोपी घातलेला, दाढी कोरलेला पोरगा. माती हा शब्द तो डोळे मिटून उच्चारायचा. मजकुरात होतं: वडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं, मामांनी सायकली दुरुस्त करून वाढवलं.

"माझे वडील आहेत," लिफ्ट म्हणाली.

"असतील हो," सर म्हणाले. "पण दातांचा डॉक्टर आला की त्याचं घर येतं, घर आलं की आठवा मजला येतो. मग हे गाव कुठे बसवायचं? आणि थोडं दुःख नको का? कप्तानला आपण मोळी दिली. तुला काय देणार?"

लिफ्ट दुकानामागे गेली. ह्या वेळी रेंज लगेच मिळाली. तिने वडिलांना सगळं सांगितलं.

पलीकडे बराच वेळ फक्त कुणाच्या तरी गुळण्या ऐकू आल्या. मग वडील म्हणाले, "मारू देत की मग मला. जागा राहतेय ना तुझी?"

"बाबा."

"अगं, मला काय फरक पडतो? फक्त दातांमुळे गेला म्हणू नका. पेशंट घाबरतील." मग कुणाला तरी, "थुंका इकडे." मग पुन्हा तिला, "आणि लवकर आटप. उद्या सकाळी सराव आहे आपला."

वडील चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं. पण हा माणूस मुलीच्या जागेसाठी दोन गुळण्यांच्या मधल्या वेळात मरायला तयार झाला, ते तिच्या घशाखाली उतरेना. ती परत येऊन रिमखाली उभी राहिली. दिग्दर्शकाने हात वर केला, कॅमेरा सुरू झाला, आणि ती म्हणाली, "मी ह्या गावची नाही. इथे मी दोनदा आलेय, लग्नाला. मला खेळायला माझ्या वडिलांनी शिकवलं, पार्किंगमध्ये. ते जिवंत आहेत. दातांचे डॉक्टर आहेत."

मामाने मान खाली घातली. गुरुजींनी घसा साफ केला. आत्या मात्र जागची हलली नाही. तिने आधी लिफ्टकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे, आणि संथपणे म्हणाली, "शहरात गेलं की माणसाला बापसुद्धा नवा मिळतो. गावाची लाज वाटायला लागली पोरीला. चालायचंच."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ज्यांनी सकाळी भोपळ्याची आठवण रचली होती त्यांनाच आता खरोखरचं रडू आलं. दिग्दर्शकाने तर चक्क टोपी काढली. "हे मला सुचलं नसतं," तो सरांच्या कानाशी पुटपुटला. "मुळं विसरलेली मुलगी. आता फक्त हिने माफी मागायची, मातीला हात लावायचा, की झालं."

"मी खरं बोलले," लिफ्ट म्हणाली. "माफी कसली?"

"खरं बोलल्याबद्दलच मागायची," सर म्हणाले. "खोटं बोलली असतीस तर गरजच नव्हती." त्यांनी फोन बाहेर काढला. "नाहीतर मी बदलीला कळवतो. गाडी जाता-जाता नदीवर थांबेल."

"कळवा," लिफ्ट म्हणाली, आणि जाऊन गाडीत बसली. तीन वर्षांची जागा गेली हे तिला कळत होतं. पण मान ताठ होती, आणि ह्या वयात तेवढ्यावर संध्याकाळपर्यंत निभावतं.

इकडे दुकानासमोर कुजबुज सुरू झाली. मुलगी गेली तर पोस्टर गेलं, पोस्टर गेलं तर सिमेंट नदीकाठी. गाव करी ते राव न करी, म्हणतात ते खोटं नाही. पाचच मिनिटांत आत्या उठली, रुमाल पुन्हा गालाला बांधला, कॅमेऱ्याला मागोमाग घेऊन गाडीपाशी आली आणि खिडकीतून हात आत घालून लिफ्टच्या डोक्यावर ठेवला.

"माफ केली," आत्या म्हणाली. "न मागता माफ केली. आमच्या गावाचं मन मोठं आहे."

"मी माफी मागितलीच नाही."

"तेच म्हणतेय मी."

फिल्ममध्ये एवढंच ठेवलं. आठवा मजला, पार्किंग, दात, सगळं कापलं. उरला तो आत्याचा हात, मागे बासरी, आणि संतापाने लाल झालेला लिफ्टचा चेहरा. पडद्यावर संताप आणि पश्चात्ताप यांच्यात बासरीने काही फरक ठेवला नव्हता. वडिलांना मात्र निवेदकाच्या आवाजात ठरल्याप्रमाणे मारलं होतं. तिची जागा राहिली. गावात सिमेंट पोचलं. बदली म्हणाली, "माझी नदी वाया गेली," आणि पुढच्या सरावात तिने लिफ्टला दोनदा कोपर मारलं. 

अंतिम सामन्याच्या आधी ती फिल्म स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर दाखवली. गाव दोन ट्रक भरून आलं होतं. लिफ्टचे वडील दुसऱ्या बाजूला, नेहमीच्या शर्टात. त्यांच्या शेजारची अनोळखी बाई फिल्म बघून डोळे पुसत त्यांना काहीतरी म्हणाली, आणि वडिलांनी गंभीरपणे मान डोलावून तिला स्वतःचा रुमाल दिला, हे लिफ्टने मैदानातून पाहिलं. बाई काय म्हणाली असेल हे विचारायची गरज नव्हती.

सामना तिने जीव तोडून खेळला. ट्रकवाल्यांनी घसे फोडले. प्रत्येक बास्केटला गुरुजी उठून म्हणायचे, "आमच्या शाळेची." शेवटी एका गुणाने मागे असताना लिफ्टला दोन फ्री थ्रो मिळाले. घड्याळ संपलं होतं, ती रेषेवर एकटी. पहिला चेंडू रिंगच्या कडेला लागून बाहेर आला. दुसराही तसाच, त्याच कडेला. दोन्ही वेळा इंचभराचा फरक. सायकलच्या रिममध्ये दोन्ही आरामात गेले असते.

गावाची बाजू अशी गप्प झाली की छतावरचे पंखे ऐकू आले. मग त्या शांततेत आत्याचा आवाज स्पष्ट आला. "ती कुठे आमची? तिचा बाप शहरात दात काढतो. दोनदा आली आमच्याकडे, ते पण लग्नात जेवायला."

"माझ्या शाळेत नव्हतीच ती," गुरुजी म्हणाले.

लिफ्ट खूप वेळ बाकावर टॉवेलमध्ये तोंड घालून बसली. कप्तानने तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "ऊठ. मोळी मी उचलली, पराभव तरी वाटून घेऊ." मग ती उठली, बूट हातात घेतले आणि बाहेर आली.

फाटकापाशी दोन्ही ट्रक उभे होते, आणि ट्रकसमोर रांग. रांगेच्या पुढच्या टोकाला ट्रकच्या उघड्या फळकुटावर आत्या बसली होती, मान मागे, तोंड उघडं, आणि तिच्या तोंडात मोबाइलचा उजेड पाडून लिफ्टचे वडील वाकून बघत होते. मामा रांगेत दुसरा होता. भाचीला पाहून त्याने नजर ट्रकच्या चाकाकडे वळवली आणि टायर दाबून बघितला.

"काढावी लागेल," वडील म्हणाले. "मुळाशी किडलीय."

आत्याने तोंड मिटलं. "तुमची पोरगी खेळते बरी," ती म्हणाली. "पण शेवटचे दोन आमच्या गावच्या मुलीने घातले असते."

"घातले असते," वडील म्हणाले. "आ करा."

लिफ्टने बूट खाली ठेवले, वडिलांच्या हातातून मोबाइल घेतला आणि उजेड नीट दाढेवर धरला.