अँजिओच्या आदल्या दिवशी

प्लास्टिकच्या हृदयाचा कप्पा पुन्हा निसटला. संपदाने बोलता बोलताच तो जागेवर बसवला आणि पुढचं वाक्य सुरू केलं. वसईतल्या त्या हॉस्पिटलात अँजिओग्राफीच्या आदल्या दिवशी पेशंटना समजावून सांगायचं काम तिच्याकडे होतं. वर्षानुवर्षं तेच सांगून शब्द आता तोंडातून आपोआप बाहेर पडत. मनगटातून बारीक नळी घालतील, औषध सोडतील, अडथळा कुठे आहे ते पडद्यावर दिसेल.

"वाडीत पाण्याची नळी तुंबते ना काका, तसंच," ती म्हणाली. सोपी उदाहरणं द्या, असं वरून सांगितलेलं होतं.

समोर निर्मळचे जगन्नाथ बसले होते. केळीची आणि मोगऱ्याची वाडी, वय सत्तरीला टेकलेलं. ते प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. प्रश्न विचारत होता तो त्यांचा मुलगा हर्षवर्धन. तो बोळिंजला राहायचा, बँकेत होता. त्याने स्टेंटचे प्रकार विचारले, विम्याचं विचारलं, रजा किती टाकावी तेही विचारलं. संपदा त्याच्याकडेच बघून उत्तरं देत राहिली. शेवटी तिने नेहमीचं विचारलं, काका, समजलं ना सगळं? जगन्नाथांनी पुन्हा मान डोलावली.

संध्याकाळी ड्यूटी संपवून ती खाली उतरली, तर जगन्नाथ दाराजवळच्या बाकावर. अंगात हॉस्पिटलचाच गाऊन, पायात चपला. शेजारी त्यांची बायको प्रेमलता मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिने हळूच सांगितलं, घरी चल म्हणून बसलेत, रिक्षा बघ म्हणतात, मुलाला फोनही करू देत नाहीत.

मनवेलपाड्याला संध्याकाळी पाणी येई आणि ते भरून ठेवायला संपदाच्या घरात दुसरं कोणी नव्हतं. वॉर्डात कळवून तिला मोकळं होता आलं असतं. पण पाय फार दुखत होते. ती बाकावर टेकली.

जगन्नाथ म्हणाले, "तुंबलेली नळी आम्ही कापून फेकतो, सिस्टर."

नळीचं ते उदाहरण संपदाने किती जणांना ऐकवलं असेल.

"कुणी काही कापणार नाही काका. मी चुकीचं बोलले."

मग हळूहळू त्यांच्या बोलण्यातून निघालं. थोरला भाऊ चंद्रहास पोटाच्या ऑपरेशनला गेला होता. आत जाताना जगन्नाथांना म्हणाला, तू वाडीला पाणी सोडून ये, तोवर मी उठतो. जगन्नाथ पाणी सोडून परत आले. भाऊ उठलाच नाही.

"मला निजवणार काय?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही जागे असाल, आतलं बोलणंही ऐकू येईल. औषध सोडलं की अंगातून एकदम गरम लाट जाते. कपड्यातच लघवी झाली असं वाटतं. झालेली नसते. घाबरायचं नाही."

नातेवाइकांसमोर हे सांगायचं तिने कधीच सोडून दिलं होतं.

"मग चालेल," म्हणत जगन्नाथांनी बायकोच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि ते लिफ्टकडे निघाले. संपदाची बस तोवर गेली होती.

दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी नीट पार पडली. दुपारी ती वॉर्डात गेली तेव्हा हर्षवर्धन खिडकीशी फोनवर बोलत होता. अडथळे तीन निघाले होते. स्टेंटने भागणार नव्हतं, बायपास करायची, तीही मुंबईला. ॲम्ब्युलन्स सांगून झाली होती. वडिलांना कुणी किती सांगितलं होतं, कळायला मार्ग नव्हता. ते कॉटच्या काठावर बसून होते.

"लाट आली," ते संपदाला म्हणाले. "तुम्ही सांगितली तशीच." मग विचारलं, "आता पुढच्या ऑपरेशनला निजवतात ना?"

तिथले डॉक्टर समजावतील, एवढं म्हणून निघता आलं असतं. रोज ती तेच म्हणायची.

"हो काका," ती म्हणाली. "झोपवतात."

या वेळी त्यांनी मान डोलावली नाही.

प्रेमलता खाली वाकून सामान भरत होती. जगन्नाथांनी घरचा सदरा अंगात चढवला, पण उजवं मनगट घट्ट बांधलेलं. डाव्या हाताने बटण लागेना. संपदा पुढे झाली. खालून वर एकेक बटण लावत गेली आणि गळ्याशी थांबली.

"तेही लावा," ते म्हणाले, आणि त्यांनी हनुवटी वर केली.