लिलाधरच्या नावेतली बॅटरी

मी बॅटरी. पवनीजवळ वैनगंगेच्या पाण्यावर एक केबिनवाली बोट उभी असते, तिच्या पोटात मी राहते. शहरात अशा बोटीला यॉट म्हणतात म्हणे. इथं सगळे तिला नाव म्हणतात, म्हणून मीही.

शिशाच्या पट्ट्या, त्यात तेजाब आणि वर सहा झाकणं, एवढाच माझा देह. लिलाधरनं मला नागपूरहून आणलं. वाटभर एक हात माझ्यावर ठेवून तो बसला होता. फिरायला आलेल्या माणसांना तो नावेतून नेत असे. इंजिन सुरू करायचं तर मी, दिवे लावायचे तर मी. पण माझं खरं काम पंपाचं.

नावेच्या तळाशी पाणी झिरपतच असतं. ते साचलं की पंप आपोआप सुरू होऊन बाहेर फेकतो. नावेतली सगळी वीज तोडणारं मोठं बटण बंद केलं तरी पंप चालावा, म्हणून लिलाधरनं त्याची तार थेट मला जोडली होती. "मी झोपलो तरी हा जागा पायजे," असं तो बायकोला, ज्योत्सनाला सांगायचा. ती माझ्या झाकणांतून बॅटरीचं पाणी भरायची, तो बाजूला बसून उगाच चुका काढायचा.

मग कावीळ झाली, आणि आठ दिवसांत लिलाधर गेला.

त्याचा धाकटा भाऊ विक्की. चौथीत शाळा सुटली. विचाराच्या आधी हात चालतो त्याचा. घरी दहा दिवसांचा दिवा लावला होता. विक्की तिथून उठून थेट नावेत आला आणि केबिनमधला लाईट लावून बसला.

"घरी लावला, तं इथंबी पायजे. दादा तं इथंच राहे."

घरच्या दिव्यात रोज कुणीतरी तेल घालतं. माझ्यात कोण घालणार? इंजिन चाललं की मी भरते, आणि ते तर बंद होतं. विक्की रोज यायचा, लाईट जळताना बघायचा, डोळे पुसून जायचा. मी दिवसरात्र जळत होते. मला ओरडता आलं असतं, तर ओरडले असते.

नवव्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा लाईट विझलेला होता. पंप त्याच्याही आधी थांबला होता. फळ्यांवर घोटाभर पाणी, माझ्या पेटीच्या बुडाला लागलेलं.

विक्कीनं पाना घेतला आणि मला बाहेर काढायला सरळ लाल तारेला लावला. पाना इंजिनच्या लोखंडाला टेकला, माझ्यात उरलेल्या धुगधुगीची चर्रकन ठिणगी उडाली.

"विक्की, थांब. आधी काळी सोड, लाल मंग."

काठावर ज्योत्सना उभी होती. मागं शेजारचे मनिराम काका.

"वहिनी, तुमी कायले आल्या? सुतकात..."

"मीबी तेच सांगून राहिलो," काका म्हणाले. "आयकते कुठं."

"मंग नाव बुडाल्यावर येऊ का?" ती पाण्यात उतरली. "उद्या दहावा. सारे घाटावर राहतीन. पंप चालला नाही, तं नाव कोन पाहीन?"

तिघांनी बादल्यांनी पाणी उपसलं. विक्की मध्येच खाली बसला.

"मीच मारलं इले. दादाचा दिवाबी इझवला."

ज्योत्सनानं हातातली बादली रिकामी केली. मग म्हणाली, "तुह्या दादानं रिकाम्या नावेत लाईट कधी सुरू ठेवला का? मी इसरली तं किती ओरडे."

"मले तं एकडाव पान्यात ढकललं होतं त्याच्यासाठी," विक्की म्हणाला, आणि रडता रडता हसला.

तिनं माझ्या टोकांवरचा हिरवापांढरा थर सोड्याच्या गरम पाण्यानं धुतला. काकांच्या घरी मला हळूहळू चार्ज करायला ठेवलं. जोरात केलं असतं, तर मी उकळून मेले असते.

दहाव्याच्या सकाळी, घाटावर जायच्या आधी, विक्कीनं मला परत बसवलं. आधी लाल, मग काळी. दोन्हींवर व्हॅसलिन. रात्रीत पाणी पुन्हा चढलं होतं. तिघंही पंपाकडे कान लावून.

मी जोर लावला. पंप घरघरला, एकदा थांबला, आणि मग गढूळ पाण्याची धार थेट काठावरच्या मनिराम काकांच्या धोतरावर गेली.

"काका, सरका मनलं होतं ना," विक्की म्हणाला. ज्योत्सनानं पदर तोंडाला लावला. त्या दिवसांत तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता माझ्यात पहिल्यासारखी ताकद नाही. जेमतेम अर्धी उरली असेल. पण विक्की दर आठवड्याला झाकणं उघडतो, वहिनीला विचारून पाणी भरतो, जाताना मोठं बटण बंद करतो. बाबांनो, आमच्यासारख्यांवर एवढीच मेहरबानी करा. आम्ही मुक्याच असतो. मरेपर्यंत कळू देत नाही.

आणि लिलाधर, तुझी नाव कोरडी आहे.