चार ओळींची दुरुस्ती

मावशीच्या मागच्या खोलीत अंडी उबवण्याचं यंत्र होतं. चार कप्पे, तापमान मोजणारे चार सेन्सर, एक हीटर, एक पंखा. यंत्र रिकामं होतं. शेजारच्या टेबलावर, पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, निमुळतं टोक खाली करून ठेवलेली एकशे वीस अंडी होती. दोन तडकलेली निघाली. राहिली एकशे अठरा.

उबवायची अंडी अशी बाहेर फार तर आठवडाभर ठेवता येतात. पुढे रोज थोडी थोडी निकामी होत जातात. ती येऊन तीन दिवस झाले होते.

मागच्या खेपेला एकशे वीस अंड्यांतून एकतीस पिल्लं निघाली होती. मावशीने तेव्हाच सांगून टाकलं, "ही खेपही गेली की यंत्र विकते आणि नणंदबाईंच्या दुकानात गल्ल्यावर बसते. त्या वाटच बघतायत." एवढं बोलून तिने सगळे ट्रे इतक्या जोरात घासले की मी खोलीबाहेर निघून गेले.

दोष कुठे आहे ते मला सापडलं होतं. यंत्र चालवणारा प्रोग्राम खुला आहे. तो कुणालाही वाचता येतो, सुधारता येतो, आणि त्यात आजवर कुणी कधी काय बदललं ते सगळं जपून ठेवलेलं असतं. प्रोग्राम दर दहा मिनिटांनी चारही सेन्सरची सरासरी काढतो आणि हीटरचं ठरवतो. एखाद्या सेन्सरकडून उत्तर आलं नाही की त्याच्या जागी उणे एकशे सत्तावीस हा आकडा येतो. त्याचा अर्थ फक्त 'गैरहजर'. प्रोग्राम मात्र तोही सरासरीत धरत होता. म्हणजे गैरहजर मुलाला उणे गुण देऊन वर्गाची सरासरी काढायची! अंडी फिरवायला कप्पे आपोआप कलायचे तेव्हा तिसऱ्या सेन्सरची वायर ताणली जायची (नवी घातली तरी तेच), सरासरी शून्याखाली जायची, आणि आत हवं तेवढं, साडेसदतीस अंश असताना हीटर दहा मिनिटं पेटलेला राहायचा.

दुरुस्ती चार ओळींची होती. पण मावशीच्या यंत्रात फक्त या खुल्या प्रकल्पाची अधिकृत आवृत्ती चढते, घरी केलेली नाही. त्यामुळे मी प्रोग्रामची माझी प्रत घेतली, तिच्यात या बदलापुरती वेगळी शाखा, म्हणजे ब्रँच, काढली, चार ओळी लिहिल्या आणि 'हा बदल मुख्य प्रोग्राममध्ये घ्या' अशी विनंती पाठवली. प्रकल्प सांभाळणाऱ्या माणसाच्या नावापुढे बगळ्याचं चित्र होतं, म्हणून आमच्या घरात तो बगळा झाला.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. विनंतीचं पान उघडायचं, ताजं करायचं, बंद करायचं. गॅलरीत जायचं, परत यायचं. उजवा अंगठा दुखायला लागला.

"अगं, फोनकडे इतकी टक लावून बघू नकोस," मावशी म्हणाली, "त्यातूनच पिल्लू निघेल."

"मावशी, प्लीज."

"काय म्हणतो तुझा बगळा?"

"एका पायावर उभा आहे."

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. 'तुम्ही चार ओळी बदलल्याचं लिहिता. मला एक हजार आठशे बारा दिसतात. यातलं मी काय वाचू?'

मी बघितलं आणि कानशिलं तापली. फाइल सेव्ह करताना माझ्या एडिटरने प्रत्येक ओळीची मांडणी आपल्या आवडीने बदलली होती. अर्थ तोच, पण नोंदीत सगळी फाइलच नवी दिसत होती आणि त्या ढिगाखाली माझ्या चार ओळी. एडिटरची ती हौस बंद केली, पुन्हा मूळ प्रत घेतली, नवी ब्रँच काढली, चारच ओळी घातल्या. पाठवताना राहवलं नाही म्हणून खाली लिहिलं, 'कृपया लवकर बघा, अंडी बाहेर आहेत.'

या वेळी उत्तर तासाभरात आलं. 'माझ्याकडे बदकांची आहेत. म्हणूनच घाई करत नाही. चारही सेन्सर एकदम गैरहजर असले तर?'

"उगाच खुसपट काढतोय," मी मावशीला म्हणाले. "चारही कशाला जातील?"

"एकाच मुख्य वायरवर आहेत ना चौघे?"

"हो."

"मग?"

मी कॉम्प्युटरवर करून बघितलं. चौघांनाही गैरहजर ठरवलं. माझ्या ओळींनी चौघांना वगळलं, उरलेल्या शून्य आकड्यांची सरासरी काढायला गेल्या आणि प्रोग्राम तिथेच बंद पडला. पडद्यावर शेवटची ओळ राहिली: हीटर चालू. मी पाच मिनिटं थांबले. ओळ बदलली नाही.

जुना प्रोग्राम दहा मिनिटं चुकायचा. माझा चुकला की चुकतच राहिला असता.

"कुणीच उत्तर दिलं नाही तर हीटर बंद करते," मी म्हणाले. "अंडी थोडा वेळ गार पडलेली चालतात. तापलेली चालत नाहीत."

"बंद कर, पण मला हाक मारायला सांग त्याला. गुपचूप बंद पडून बसला तर मी काय, सकाळी आरती ओवाळू?"

यंत्रात भोंगा होता. हीटर बंद आणि भोंगा सुरू, अशी भर घातली. चार ओळींच्या अकरा झाल्या. सोबत एक चाचणीही लिहिली: एक गैरहजर, दोन, तीन, चार. प्रत्येक वेळी काय व्हायला हवं ते आधी लिहिलं आणि मग चालवून बघितलं. पाठवताना अंड्यांबद्दल काही लिहिलं नाही.

पाचवा दिवस काही न होता गेला. मी ट्रे एका बाजूने उचलून कलते केले, तासाभराने दुसऱ्या बाजूने. मावशी दारात येऊन बघून जायची. नणंदबाईंचा फोन आला तेव्हा तिने तो वाजू दिला.

सहाव्या दिवशी दुपारी बगळ्याने बदल मुख्य प्रोग्राममध्ये घेतला आणि संध्याकाळी नवी आवृत्ती काढली. काय बदललं याच्या यादीत एक ओळ होती: 'गैरहजर सेन्सर आता सरासरीत धरला जात नाही.' मावशीने ती मला दोनदा वाचायला लावली. यंत्रात आवृत्ती चढवली, कप्पे भरले, झाकण लावलं.

एकवीस दिवसांनी मी यंत्राची नोंद उतरवून घेतली.

तिसरा सेन्सर गैरहजर: चौसष्ट वेळा. चारही गैरहजर: एकदा, भोंगा वाजला. सर्वाधिक तापमान: ३७.९. अंडी: एकशे अठरा. पिल्लं: शहाण्णव.