पायावाचून दबणारा पायडल

मी एक जुना पायडल आहे, मित्रांनो. मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकचा. पण माझ्यावर आता पाय पडत नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो हमूदचा पाय. त्याच्या चपलेने माझ्या अंगावरचे कंगोरे झिजवून गुळगुळीत केले. साबिर डोंगरावरून तो सवाऱ्या आणि दुपारी चघळायच्या पाल्याच्या जुड्या खाली येमेनमधल्या ताइझ शहरात नेई. हमूदच्या गाडीला ब्रेक आहे, असं लोक म्हणत. मला वाटे, माझंच कौतुक चाललंय.

एका सकाळी हमूद आणि त्याचा धाकटा भाऊ शायफ हरवलेली शेळी शोधायला रस्ता सोडून खाली उतरले. लढाईत पेरलेला सुरुंग पायाखाली फुटला. गाडी कडेला उभी होती. मी फक्त आवाज ऐकला. हमूद परतला नाही. शायफ परतला तो उजवा घोटा फळीसारखा ताठ घेऊन.

घर चालायचं तर गाडी चालायला हवी. पण शायफचा घोटा वाकेना. मला दाबायला त्याला अख्खी मांडी उचलावी लागे, आणि तेवढ्यात वळण अंगावर येई. पुढचा ब्रेक आमच्याकडे कुणी ठेवतच नाही. खडीवर गाडी उलटते म्हणून काढून टाकतात. शेवटी गाड्या दुरुस्त करणाऱ्या मुक़बिल उस्तादांनी हँडलच्या डाव्या मुठीखाली एक छोटी दांडी बसवली आणि तिची तार माझ्या गळ्यात अडकवली. शायफने दांडी आवळली की मी दबे.

इंजिन बंद करून उतार उतरू नकोस आणि तार अधूनमधून बघत जा, असं उस्तादांनी बजावलं. शायफ हो म्हणाला. हो सगळेच म्हणतात, आणि पेट्रोल वाचवायला सगळेच इंजिन बंद करून उतरतात.

आता मी पायावाचून दबू लागलो. मागे बसलेल्याची नजर खाली गेली की तो सीट घट्ट धरी. एका पालेवाल्याने विचारलंच, "शायफ, गाडीवर आपण दोघंच आहोत ना?"

"तिसऱ्याचं भाडं मागितलं का मी?"

पालेवाला हसला, पण पुढच्या वळणावर उतरून चालत गेला. हळूहळू सवाऱ्या तुटल्या. शायफची आई जुहरा मात्र येता-जाता माझ्यावरची धूळ ओढणीने पुसायची. 

एकदा शायफ आईला दवाखान्यात घेऊन निघाला. डोंगरावर धुकं होतं, इंजिन बंद. वाऱ्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. मोठ्या वळणाआधी त्याने दांडी आवळली आणि तार तुटली. माझ्या गळ्याला झटका बसला. शायफने मांडी उचलली, तोवर कडा समोर आला होता.

आणि मी दबलो. शायफचा पाय अजून हवेतच होता.

मित्रांनो, मी लोखंड आहे. मला दुसरं काही कळत नसेल, पण वजन कळतं. माझ्यावर पाय होता.

गाडी कड्याच्या दगडांना टेकून थांबली. आई उतरली, माझ्यासमोर बसली आणि तिने माझ्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग शायफला विचारलं, "तार कधी बघितली होतीस?"

तो तुटलेल्या तारेचं टोक चाचपू लागला.

"तुझा भाऊ दमून झोपलाय," ती म्हणाली. "तुझं चमचाभर पेट्रोल वाचावं म्हणून त्याला उठवू नकोस."

उस्तादांनी नवी तार घातली. पुढचा ब्रेकही परत बसवला, शायफ नको म्हणत असताना. आता शायफ इंजिन चालू ठेवून उतरतो. दर शुक्रवारी नमाजाआधी तारेवरून बोट फिरवतो, आणि आई बाजूला उभी राहून ते बघते. एखाददुसरी सवारी परत येऊ लागली आहे.

त्या दिवसानंतर माझ्यावर कुणाचंच वजन आलेलं नाही. धुक्यात, उतारावर मी कधी कधी वाट बघतो, हे तुमच्यापासून कशाला लपवू? पण तुम्ही आपल्या गाडीची तार वेळेवर बघत जा, मित्रांनो. आम्हा पायडलांना वाट बघू द्या. हमूदला झोपू द्या.